दोन्ही हात सारखे

कनकाबाईंना पलंगावरून खुर्चीत बसवायची गुरुराजांची एक पद्धत होती. चाकांची खुर्ची पलंगाला तिरपी लावायची, तिचा खटका पायाने दाबायचा. मग बाईंचे पाय एकेक करून खाली सोडायचे. लुळा उजवा पाय आपल्या दोन पावलांमध्ये धरायचा, वाकून त्यांच्या काखांखालून हात घालायचे आणि "हां, आतां" म्हणून उठायचं. बाई डावा हात नवऱ्याच्या मानेभोवती टाकत. अर्धी गिरकी, की बाई खुर्चीत. इस्पितळातल्या फिजिओथेरपीवाल्यांनी शिकवलेल्या रीतीत गुरुराजांनी स्वतःची थोडी भर घातली होती. कारखान्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हाती आलेली कुठलीही रीत जशीच्या तशी ठेवता येत नाही.

हा कारखाना शहराबाहेर, इरुंगाट्टुकोट्टैला होता. तिथे गाड्यांच्या चाकांत बसणारे ब्रेकचे ड्रम बनत आणि तयार माल तपासून पास-नापास करणं हे गुरुराजांचं काम होतं. पहाटे एग्मोर स्टेशनसमोर कंपनीची बस येई आणि अंधार पडल्यावर तिथेच आणून सोडी. स्टेशनामागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. कनकाबाई महापालिकेच्या शाळेत तमिळ शिकवत. निवृत्त झाल्यावरही गल्लीतून जाताना कुणी ना कुणी "टीचर, वणक्कम्" म्हणून थांबे, आणि त्या त्याच्या शर्टाचं वरचं बटण लावून मगच त्याला सोडत.

दीड वर्षापूर्वी, आयुधपूजेच्या दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, कॉफीचा पेला त्यांच्या हातातून पडला आणि पेल्यामागून त्याही पडल्या. उजवं अंग गेलं. वाचाही गेली, पण काही आठवड्यांनी ती परत आली तेव्हा एकटीच आली. तंजावरकडच्या त्यांच्या घराण्यांत पिढ्यान् पिढ्या घराच्या आत बोलली जाणारी जुनी मराठी तेवढी परतली. तमिळ आलंच नाही. मुलांना जे व्याकरण त्या झोपेतही सांगू शकत, त्यातला एक शब्द त्यांना ओळखता येईना. इंग्रजीही गेलं. डॉक्टर तमिळमध्ये काही विचारत तेव्हा त्या नवऱ्याकडे पाहत आणि म्हणत, "हें काय म्हणताहेत?" शेजारीण, भाजीवाला, त्यांच्याच हाताखाली शिकलेली मुलं, सगळी एकाएकी परक्या मुलखातली झाली. डॉक्टर म्हणाले, कधीकधी येतं परत. कधीकधी नाही येत.

सुरुवातीला एजन्सीतून एक नर्स ठेवली होती. एकदा गुरुराज पेन्शनच्या कामाला गेले आणि दुपार कलल्यावर परतले, तर कनकाबाईंचे ओठ सुकून पांढरे पडलेले. दुपारभर त्या "तहान लागली, तहान लागली" म्हणत होत्या. त्या पोरीने त्यांचे पाय चेपले, पंखा वाढवला, उशी बदलली; बिचारीने हात राखून काहीच केलं नव्हतं. गुरुराजांनी तिला दोष दिला नाही. एजन्सीला फोन करून इतकंच सांगितलं, की उद्यापासून नको. तेव्हापासून बाईंचं सगळं ते एकट्याने करत.

आणखी एक गोष्ट ते करत होते. एकादशी तर त्यांच्या घरात पाण्याशिवायच होई, पण कनकाबाई पडल्या त्या आठवड्यात त्यांनी देवासमोर बसून बोलणं केलं: ही स्वतःच्या पायांनी चालत देवघरापर्यंत येईल तोवर मी एकभुक्त राहीन. दिवसातून एकच जेवण, दिवेलागणीला. सांबार-भात, वर दहीभाताचा ढीग आणि लोणचं. दिवसा कॉफी चाले, साखर घातलेली. तीच मग चार-सहा वेळा होई. कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पण दोन खोल्यांत काय लपणार? कनकाबाईंनी एकदा विचारलं, "कशास हें?"

"तूं चाल, मग सोडतों."

 त्या म्हणाल्या, "बघूं." पण त्या संध्याकाळी व्यायाम करून घेताना त्यांनी कुरकुर केली नाही.

गुरुराजांना फुशारकी मारायला फारशा गोष्टी नव्हत्या. एक होती. लग्नाच्या वेळी त्यांचं वजन अठ्ठावन्न किलो होतं आणि आज अडुसष्टाव्या वर्षीही अठ्ठावन्नच होतं. औषधांच्या दुकानातल्या काट्यावर ते अधूनमधून उभे राहत आणि खाली उतरताना दुकानदाराकडे बघून मान हलवत, जणू त्याचा काटा त्यांनी पास केला. पँटचा पट्टा पोटावर एक भोक सैल करावा लागला होता आणि शर्टाच्या बाह्या हाताभोवती लोंबत होत्या. धुऊन धुऊन कापड सैल पडतं, असं ते म्हणत.

मुलगी विद्यालक्ष्मी बंगळुरूहून महिन्यातून एकदा येई. या खेपेला ती शनिवारी सकाळी आली आणि दारातच थबकली. अप्पा अम्माला उचलत होते. "हां, आतां" झालं, पण गिरकी अर्ध्यावर अडकली. गुरुराजांचे गुडघे थरथरले, वाकले, आणि दोघंही हळूहळू, अगदी शिस्तीत, जमिनीवर आली. खाली ते, वर त्या. कुणाला लागलं नाही. गुरुराज हसले.

"फरशी ओली होती ग."

विद्याने फरशीवर हात फिरवून पाहिला. "अप्पा, फरशी कोरडी आहे."

"आतां वाळली."

"अम्माच्या खुब्याचं हाड मोडलं असतं म्हणजे? तुमचं मोडलं असतं म्हणजे?"

"मोडलें का? नाहीं ना?"

कनकाबाई जमिनीवरूनच म्हणाल्या, "आधीं मज उचला. मग भांडा."

उचललं विद्यानेच. मग बापलेकीचं भांडण नीट, सविस्तर झालं. विद्याचं म्हणणं, उचलायला बाई ठेवा. गुरुराजांचं म्हणणं, बाई हिचं बोलणं समजायची नाही आणि माझ्या अंगात बळ आहे. विद्याने किलपॉककडच्या एका क्लिनिकचं नाव काढलं. तिथे अंगात किती स्नायू, किती चरबी, किती पाणी हे मोजणारं मशीन आहे. मशीन जर म्हणालं की तुमच्या अंगात बळ आहे, तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही म्हणालं, तर दुसऱ्या दिवसापासून बाई येईल.

"कबूल," गुरुराज लगेच म्हणाले. "मी जन्मभर मशीनचेंच ऐकलें."

सोमवारी शेजारणीला बसवून ते दोघं गेले. क्लिनिकमध्ये रुचिरा नावाची मुलगी होती. मिरजेची, नवऱ्याच्या नोकरीपायी दोन वर्षांपूर्वी इथे आलेली. गुरुराज मुलीशी बोलत होते ते ऐकून तिने कान टवकारले.

"काका, तुम्ही मराठी? पण हे कुठलं मराठी? नाटकातल्या राजासारखं बोलताय तुम्ही."

"आणि तुम्ही टीव्हीसारखें बोलतां," गुरुराज म्हणाले. तिघंही हसली.

मशीन साधंच होतं. खाली पावलं ठेवायला पोलादाच्या पट्ट्या, दोन बाजूंना दोन मुठी. चपला-मोजे काढायचे, घड्याळ काढायचं, मुठी धरून हात अंगापासून थोडे दूर ठेवायचे आणि बोलायचं नाही. अंगातून बारीकसा विजेचा प्रवाह जातो, तो कळतही नाही, असं रुचिराने सांगितलं. स्नायूंत पाणी असतं, त्यांतून तो सहज जातो, चरबीत अडतो. त्यावरून मशीन हिशेब मांडतं. पोट रिकामं आहे ना?

"तें नेहमींच असतें," गुरुराज म्हणाले. विद्याने त्यांच्याकडे पाहिलं, पण तेवढ्यात मशीन वाजलं.

त्यानंतर रुचिराने एक दांडा मुठीत दाबायला लावला आणि हात छातीशी बांधून खुर्चीतून उठ-बस करायला लावली. कागद छापून आला तेव्हा तिला दुसऱ्या खोलीतून हाक आली. "आलेच, तोवर बसा," म्हणून ती गेली. कागद टेबलावर होता. आयुष्यभर मोजमापाचे कागद तपासलेल्या माणसासमोर तो पालथा राहणं शक्य नव्हतं.

गुरुराजांनी चष्मा लावला आणि बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. वजन अठ्ठावन्न. आडव्या पट्टीवर तो आकडा बरोबर मधल्या घरात बसला होता. उंचीला वजनाचा मेळ, तोही मधल्या घरात. खाली काही पट्ट्या लांब, काही आखूड. त्या त्यांनी ओलांडल्या. कारण त्यांच्याखाली माणसाची एक लहानशी आकृती होती आणि तिच्या दोन हातांपाशी दोन आकडे होते. उजवा हात एक पूर्णांक सात किलो. डावा हात एक पूर्णांक सात.

"विद्या, हें बघ." त्यांचा आवाज चढला. "दोन्ही हात सारखे. ग्रॅमाचा फरक नाहीं."

"म्हणजे चांगलं?"

"चांगलें म्हणजे? ड्रम एका बाजूला अंमळ जड असला तर गाडी थरथरते. आम्ही प्रत्येक ड्रम फिरवून बघायचों. दोन्ही अंगें सारखीं असलीं कीं झालें. वजन बरोबर, समतोल बरोबर. हा माल पास आहे."

विद्याने कागदाचा फोटो काढला. तिलाही ते खरं असायला हवं होतं. बंगळुरूतलं घर, नोकरी, शाळेत जाणारं मूल, या सगळ्यांतून आईसाठी बाई शोधायची, तिच्यावर फोनवरून नजर ठेवायची. त्यापेक्षा अप्पांचे हात मजबूत निघाले तर किती बरं. गुरुराज तर उठलेच होते. जाताना मोगऱ्याचा गजरा घेऊ म्हणाले, कनकाला सांगायला हवं.

रुचिरा आली. दोघांचे चेहरे पाहून ती क्षणभर घुटमळली, मग खुर्ची ओढून समोर बसली आणि वजनाच्या ओळीवर तिने आपला तळहात ठेवला.

"काका, ही ओळ थोडा वेळ विसरू या."

"ती तर सगळ्यांत बरी ओळ आहे."

"म्हणूनच. काटा फक्त बेरीज सांगतो. बेरीज कशाकशाची झाली हे त्याला कळत नाही." मग तिने त्यांनी ओलांडलेल्या पट्ट्यांवर पेन टेकवलं. "ही वजनाची पट्टी, मधे आलीय. ही स्नायूंची, बघा किती आखूड आहे. मधल्या घरापर्यंत पोचतच नाही. आणि ही चरबीची, घर ओलांडून पलीकडे गेलीय. तुमच्या अंगातून स्नायू जात राहिले आणि तेवढीच चरबी येत राहिली. त्यामुळे काट्याला काही फरक दिसला नाही. तुम्हालाही नाही."

"पण हात," गुरुराज म्हणाले, "हात सारखे आहेत."

"सारखे आहेत. दोन्ही सारखेच कमी आहेत. त्या आकड्याच्या खाली बारीक अक्षरात लिहिलंय."

गुरुराजांनी कागद जवळ घेतला, लांब धरला. दोन्ही आकड्यांखाली तेच लिहिलं होतं. त्यांच्या हाताखाली शिकणाऱ्या पोरांना ते एक गोष्ट बजावून बजावून सांगत: समतोल शेवटी बघायचा, आधी भिंतीची जाडी बघायची. पातळ भिंतीचा ड्रमसुद्धा सुरेख समतोल फिरतो. फिरतो, आणि एक दिवस ब्रेक मारताना फुटतो.

"दोन्ही पातळ," ते स्वतःशीच म्हणाले.

"मशीन चुकतही असेल?" विद्याने विचारलं.

"चुकू शकतं. अंगात पाणी कमी-जास्त असलं तर आकडे इकडेतिकडे होतात. म्हणून तर मी मूठ दाबायला लावली, खुर्चीतून उठवलं. काका तीनदा उठले आणि चौथ्यांदा हात टेकले. तिन्ही गोष्टी एकच सांगताहेत." मग तिने अगदी सहज विचारलं, "काका, तुम्ही दिवसाला काय काय खाता?"

 भिंतीवरच्या तक्त्यात लाल स्नायूंचा एक बिनकातडीचा माणूस उभा होता, त्याच्याकडे गुरुराज पाहत राहिले.

"अप्पा?"

मग त्यांनी सांगितलं. बोलणं केल्याचं, दिवेलागणीच्या जेवणाचं, कॉफीचं. मान खाली घालून, जणू दुसऱ्या कुणाची तक्रार सांगत होते. विद्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि रागही आला. 

"कधीपासून?" रुचिराने विचारलं.

"ती पडली तेव्हांपासून."

रुचिराने पेन खाली ठेवलं. ती म्हणाली, माणूस उचलणं हे मोठं काम आहे. त्यात स्नायू झिजतात आणि खाल्लेल्या डाळी-दुधातून पुन्हा भरून येतात. येताना थोडे जास्तच येतात. पण भरायला काही आलंच नाही तर शरीर स्वतःमधूनच काढून घेतं. दंडातून घेतं, मांड्यांमधून घेतं. आणि रात्रीचा एवढा भात, दिवसाची साखर, हे सगळं पोटावर साठत जातं.

ती हळू आणि चांगलं बोलत होती. गुरुराजांना मात्र पुढचं ऐकू आलं नाही. त्यांनी आपले दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवले होते आणि ते त्यांच्याकडे पाहत होते. ती उठावी म्हणून उपास केला, आणि तो उपास रोज थोडाथोडा तिला उचलणारे हात खात होता. देवाने बोलणं ऐकलं की नाही, कोण जाणे. शरीराने मात्र ऐकलं होतं.

"परत येतें का?" त्यांनी विचारलं.

"येतं. तुमच्या वयालाही येतं, पण सावकाश. तीन वेळा जेवायचं. सकाळी हरभऱ्याचं सुंडल, आपली उसळच ती, किंवा डाळींच्या धिरड्यासारखी अडै, दुपारी डाळ जास्त, भात कमी, दूध, पनीर. मी व्यायाम देईन तो रोज करायचा. तीन-चार महिन्यांनी पुन्हा मोजू." ती थांबली. "पण तोवर काकूंना उचलायचं नाही, काका. परवा हळू पडलात, असं कळलं मला. पुढच्या वेळी हळू पडाल असं नाही."

परतीच्या रिक्षात विद्या त्यांचा हात धरून बसली होती. एग्मोरचं लाल स्टेशन दिसू लागलं तेव्हा ती म्हणाली, "अप्पा, उपास सोडा. देवाला कळतं सगळं."

"देवाला कळतें," गुरुराज म्हणाले. "मी सोडला तर तिला जें कळेल, त्याचें काय?"

गजरा घ्यायचा राहिला.

ठरलेली बाई, पूंगोडी, दुसऱ्या दिवशी आली. एन्नोरहून लोकलने येई. मच्छीच्या टोपल्या उचलून उचलून रुंद झालेले खांदे, दंडात घट्ट बसलेलं पोलकं, आणि मोठ्याने हसायची सवय. कनकाबाईंनी तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"ही कोण बायको?"

"काय म्हणतात अम्मा?" पूंगोडीने तमिळमध्ये विचारलं.

"तू कोण, म्हणून विचारते."

"सांगा त्यांना, बघून बघून थकाल. स्थळ बघायला आल्यासारखं बघतायत."

गुरुराजांनी सांगितलं. कनकाबाईंचा चेहरा हलला नाही. "हिच्या हातांस मच्छीचा वास येतो."

"आता काय म्हणाल्या?"

"म्हणते, तुझे हात मजबूत आहेत."

"खोटं! नाक मुरडलं त्यांनी, मी पाहिलं ना. सांगा, दोनदा साबण लावून आलेय. आमच्या एन्नोरला हवेतच धूर आणि मच्छी, साबण तरी काय करणार?" असं म्हणत पूंगोडी हसली आणि बोलता बोलताच तिने वाकून कनकाबाईंच्या काखांखाली हात घातले.

त्या घाबरल्या. "अहो! अहो!" म्हणाल्या. गुरुराज एक पाऊल पुढे सरकले आणि थांबले.

"त्यांना सांगा, माझ्या मानेला धरा," पूंगोडी म्हणाली.

"कनके, तिच्या मानेस धर."

कनकाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग त्यांचा डावा हात उठला आणि पूंगोडीच्या मानेभोवती गेला. पूंगोडी उठली ती नुसती उभं राहिल्यासारखी उठली. ना गुडघे वाकले, ना श्वास चढला. बाई खुर्चीत बसल्या तेव्हा त्यांना हायसं वाटलं, हे गुरुराजांना त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. या दीड वर्षात, आपल्या हातांत, ती प्रत्येक वेळी घाबरत होती काय? ती बोलली नव्हती. आपण विचारलं नव्हतं.

ते खिडकीशी जाऊन उभे राहिले. त्यांच्या लग्नाला एकोणचाळीस वर्षं झाली होती. पडद्यापलीकडे आईवडील झोपत अशा घरात संसार झाला, मग मूल झालं, मग पहाटेची बस. उजेडात बायकोने कधी त्यांच्या गळ्यात हात टाकला नव्हता. अशी रीतच नव्हती आणि त्याची उणीव आहे असं दोघांनाही कधी वाटलं नव्हतं. ती पडल्यावर मात्र तो हात दिवसातून किती तरी वेळा त्यांच्या गळ्यात आला. तिचा गाल कानाशी येई, केसांच्या खोबरेल तेलाचा वास येई, क्षणभर तिचं सगळं ओझं त्यांच्या छातीवर टेके. आपण कष्ट करतो आहोत, असं ते धरून चालले होते.

पुढचे काही दिवस त्यांच्याकडे बोलण्याचंच काम उरलं. खोलीच्या कोपऱ्यात स्टुलावर बसायचं आणि इकडचं तिकडे करायचं. "पाणी म्हणते." "कूस बदल म्हणते." "हळू म्हणते." उचलणं बंद झालं, पण जेवण त्यांनी वाढवलं नाही. विद्याचा फोन येई.

"सकाळचं खाल्लंत?"

"हो."

"काय खाल्लंत?"

"तूं सांगितलेंस तें."

रुचिराने व्यायामासाठी दिलेले रबराचे पट्टे दाराच्या कडीला लोंबत होते.

मग रविवार आला. रविवारी पूंगोडीची सुट्टी असे, आणि शेजारच्या घरातला मुलगा गरज पडली की येऊन उचलेल असं ठरलं होतं. पण त्या दिवशी शेजारी लग्नाला तांबरमला गेले. सकाळी उशिरा कनकाबाई म्हणाल्या, "मज न्हाणींत जायचें."

"अंमळ थांब."

गुरुराजांनी खुर्ची तिरपी लावली. खटका दाबला. पाय खाली सोडले. काखांखाली हात घातले, बाईंचा डावा हात त्यांच्या मानेवर आला, ओळखीचा, हलका. ते तसेच वाकलेले राहिले. "हां, आतां" म्हणायला तोंड उघडलं, पण मांड्या हलेनात. की हलू शकल्या असत्या आणि भीतीने हलल्या नाहीत, तेही त्यांना सांगता आलं नसतं. दोघं एकमेकांच्या खांद्यावर डोकं टेकून बराच वेळ तशीच होती.

"असूं द्या," कनकाबाई त्यांच्या कानाशी म्हणाल्या.

थोड्या वेळाने चादर ओली झाली. गुरुराजांनी त्यांना पुन्हा आडवं केलं, अंग पुसलं, या कुशीवरून त्या कुशीवर वळवत चादर बदलली, लुगडं बदललं. कनकाबाईंनी डोळे मिटून घेतले होते. वर्गात कुणाच्या शर्टाचं बटणसुद्धा उघडं खपवून न घेणारी बाई ती. मिटल्या डोळ्यांच्या कडांपासून कानांपर्यंत ओघळ गेले होते, ते गुरुराजांनी पुसले तेव्हाही त्यांनी डोळे उघडले नाहीत.  रात्री गुरुराजांनी हरभरे भिजत घातले.

सोमवारी सकाळी मोहरी तडतडली तशी कनकाबाईंनी मान वळवली. सकाळच्या वेळी त्या घरात फोडणीचा वास दीड वर्षात आला नव्हता. गुरुराजांना स्वयंपाकघरातच उभ्याने खाता आलं असतं. पूंगोडी अजून यायची होती. दार लोटून घेता आलं असतं. त्यांनी ताटलीत सुंडल वाढून घेतलं, स्टूल पलंगाशी ओढलं आणि कनकाबाईंना दिसेल असे बसले.

बाईंनी ताटलीकडे पाहिलं. मग नवऱ्याकडे. 

"सोडलेंत?"

"हो."

"मी चालणार नाहीं, हें तुम्हांस कोणीं सांगितलें?"

"कोणीं सांगितलें नाहीं."

"मग?"

गुरुराजांनी ताटली मांडीवर ठेवली. रुचिराने जे सांगितलं होतं, ते स्नायूंचं आणि चरबीचं, या भाषेत सांगायला त्यांच्याजवळ शब्द नव्हते; त्यांच्या वाडवडिलांना कधी त्यांची गरज पडली नव्हती. ते म्हणाले, "माझे हात गेले, कनके. न जेवून गेले. जेवलों तर येतील म्हणतात. तुज मींच उचलावें, म्हणून जेवतों."

"उचलून कोठें नेणार?"

बाहेर एग्मोरला शिरणाऱ्या गाडीचा भोंगा झाला. गुरुराज खरोखरच विचार करत होते. चालत येशील देवघरापर्यंत, असं दीड वर्ष ते जे मनात धरून होते, ते आता तोंडाने म्हणणं त्यांना जमेना.

"न्हाणीपर्यंत," ते म्हणाले. "खिडकीपर्यंत."

कनकाबाईंनी ऐकलं. देवघराचं नाव आलं नाही, हेही ऐकलं. त्यांचा डावा हात चादरीवर थोडा सरकला, पुन्हा होता तिथे आला.

"जेवा मग," त्या म्हणाल्या.

हरभरा नीट शिजला नव्हता. गुरुराज एकेक दाणा चावत राहिले.  त्यांनी पाणी प्यायलं आणि पुन्हा हात ताटलीत घातला. कनकाबाई डोळे न मिटता पाहत होत्या, शाळेत डबा न संपवणाऱ्या मुलासमोर बसल्यासारख्या, आणि ताटली रिकामी होईपर्यंत त्यांनी मान भिंतीकडे वळवली नाही.